सुकाणूचं कुलूप आणि ‘घट्ट’ हा शब्द

सिनॉप्सिसचे कच्चे मसुदे वाचायला मित्रमंडळी पाठवतात, तेव्हा मी आधी एकच काम करते. ‘मजबूत’, ‘प्रभावी’, ‘कार्यक्षम’, ‘घट्ट’ हे शब्द जिथे जिथे आले असतील त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारते. एका पानावर आठ-दहा रेघा सहज होतात. हे शब्द चुकीचे असतात असं नाही. पण त्यांच्या आड एखादी राशी लपलेली असते, कधी कधी दोन, आणि त्या दोन एकमेकींच्या विरुद्ध जात असल्या तरी शब्द एकच असल्यामुळे ते कळत नाही. आज एका यंत्रावर टीका करायची आहे ती याचसाठी. यंत्र अगदी छोटं आहे: शिडाच्या लहान कॅटामरानचं सुकाणू पाण्यात खाली धरून ठेवणारं कुलूप. इंग्रजीत त्याला रडर लॉक-डाउन म्हणतात. (२०२० नंतर हा शब्द ऐकला की आपल्याला भलतंच आठवतं, त्याला इलाज नाही.)

तुम्ही म्हणाल, वैभववाडीत बसून कॅटामरान? रास्त शंका आहे. जिल्हा सिंधुदुर्ग असला तरी आमच्या तालुक्याला समुद्र नाही. आमच्याकडे एका बाजूला करूळचा घाट, दुसऱ्या बाजूला कोकण रेल्वे. पण जिल्हा तोच. मालवण, तारकर्ली, देवबाग इथल्या पाण्यावर गेल्या काही वर्षांत काय काय धावायला लागलं आहे ते तुम्ही पाहताच. आणि ‘कॅटामरान’ हा शब्द तर आपल्याच बाजूचा आहे: तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडं. मूळ वस्तू ओंडक्यांचा तराफा होता. दोन अरुंद होड्या आडव्या दांड्यांनी जोडलेल्या नावेला हे नाव नंतर चिकटलं. मालवण भागातली उलांडीची होडी हीसुद्धा त्याच कुळातली दूरची नातेवाईक. एक होडी आणि बाजूला तोल धरणारा ओंडका.

आता यंत्राकडे येऊ. किनाऱ्यावरून ढकलून पाण्यात घालायच्या कॅटामरानचा नमुना म्हणून जगभर ओळखली जाते ती होबी १६. कॅलिफोर्नियातल्या होबी आल्टर यांची ही नाव १९७० च्या सुमारास आली. आल्टर मूळचे सर्फबोर्ड बनवणारे, त्यामुळे लाटांतून थेट वाळूवर चढवता येईल अशी नाव त्यांना हवी होती. लांबी साधारण पाच मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास. हिला खाली सेंटरबोर्ड नाही; दोन्ही होड्यांचा आकारच असा असमान ठेवला आहे की आडवं घसरणं त्यानेच थोपवलं जावं. याचा एक परिणाम लक्षात घ्या. पाण्यात सगळ्यात खोल जाणारी वस्तू कोणती उरली? मागची दोन सुकाणूंची पाती. वाळू लागली तर ती आधी यांनाच लागणार.

म्हणून पातं एका आडव्या बोल्टवर फिरतं ठेवलेलं असतं. खाली काही लागलं की ते मागे-वर उडतं. पण मग नाव वेगात असताना पाण्याच्या रेट्यानेही ते उडायला नको, म्हणून कुलूप. इथपर्यंत सगळं सोपं वाटतं, आणि इथेच ‘घट्ट’ हा शब्द घुसतो. कुणीही सहज म्हणतो, कुलूप घट्ट पाहिजे. कशासमोर घट्ट? पाण्यासमोर घट्ट पाहिजे आणि वाळूसमोर सैल पाहिजे. कुलपाला तर माहीत नसतं की ढकलतंय ते पाणी आहे की वाळू. त्याला फक्त बोल्टभोवतीचं आघूर्ण, म्हणजे बल गुणिले अंतर, जाणवतं. म्हणजे प्रश्न असा: किती आघूर्णाला उघडायचं?

आकडे घालून बघू. हे माझे गृहीत आकडे आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. पेन घेऊन सोबत करा. पातं पाण्यात ०.६ मीटर खोल, रुंदी ०.२ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर. वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. चांगल्या वाऱ्यात हा वेग लहान कॅटामरानला जड नाही. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५. अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग म्हणजे सुमारे १२,८०० पास्कल. पातं सरळ असताना ओढीचा गुणांक ०.०५ धरला तर मागे ढकलणारं बल होतं ७७ न्यूटन. बोल्ट पाण्याच्या वर ०.३ मीटर आणि बलाचं केंद्र पाण्याखाली ०.३ मीटर, म्हणजे भुजा ०.६ मीटर. आघूर्ण सुमारे ४६ न्यूटन-मीटर. वेग सेकंदाला ६ मीटर झाला की वर्गामुळे हेच ६६ होतं. झुळूक आली, नाव लाटेवरून उतरली, की एवढा फरक क्षणात पडतो.

आता वाळू. नाव आणि दोन माणसं मिळून ३०० किलो, वेग सेकंदाला ३ मीटर. गतिज ऊर्जा १,३५० ज्यूल. समजा कुलूप इतकं ‘घट्ट’ आहे की उघडतच नाही, आणि नाव १० सेंटिमीटरमध्ये थांबली. सरासरी बल १३,५०० न्यूटन, म्हणजे जवळपास १,४०० किलो वजनाइतकं, आणि ते पात्याच्या टोकावर. पातं, बिजागऱ्या, होडीची मागची पाटी यांतलं काहीतरी मोडणार. तेच कुलूप १०० न्यूटन-मीटरला उघडणारं असेल आणि टोक बोल्टपासून ०.९ मीटरवर असेल, तर वाळूला टोकावर १११ न्यूटन लावले की काम झालं. नाव हलकेच वर चढते.

या दोन हिशोबांमधलं अंतर बघा. खाली ४६ ते ६६, वर हजारोंच्या घरात. खिडकी चांगली ऐसपैस आहे. मग कुलपांच्या तक्रारी का येतात? ‘सुटतं’ आणि ‘सुटत नाही’ या दोन्ही तक्रारी, बहुतेक वेळा एकाच नावेच्या? माझं म्हणणं असं की चर्चा सगळी कुलपाच्या ताकदीवर चालते, आणि खरी अडचण ताकदीत नाहीच. ती आहे उंबरठा जागेवर न राहण्यात, आणि दुसरी, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही, ती म्हणजे कुलूप न उघडताही पातं थोडं मागे सरकण्यात.

दुसरीपासून सुरू करते, कारण ती जास्त रंजक आहे.

सुकाणू वळवताना हाताला जो जोर लागतो तो कशावर अवलंबून? पाण्याचं बाजूचं बल पात्यावर जिथे लागतं ते केंद्र आणि सुकाणू ज्या उभ्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष, यांच्यातल्या अंतरावर. पातं नीट उभं असेल तर हे अंतर लहान ठेवलेलं असतं. समजा २ सेंटिमीटर. आता कुलपात थोडा खेळ आहे आणि पातं मागे झुकलं, फक्त ५ अंश. बलाचं केंद्र बोल्टपासून ६० सेंटिमीटरवर आहे, म्हणून ते ६० गुणिले साइन ५, म्हणजे सव्वापाच सेंटिमीटर मागे गेलं. अंतर २ चं सव्वासात झालं. हाताला साडेतीन पटींहून जास्त जोर! कुलूप मात्र बंदच आहे. ‘क्लिक’ आवाज झालेला आहे. तुम्ही प्रयोगवहीत लिहाल: कुलूप उघडलं नाही, चाचणी यशस्वी. आणि तिकडे नाव चालवणाऱ्याचा दंड भरून आलेला, नाव वाऱ्याकडे तोंड करायला बघते आहे, आणि वळवायला जावं तर दांडा हलत नाही. जुन्या होबीचे हौशी मालक पात्याचं भोक बुजवून थोडं पुढे-मागे नवीन भोक पाडतात, पातं जरा पुढे झुकावं म्हणून. हा उद्योग त्याच रोगावरचा आहे. रोग कुलपाचा, उपचार पात्यावर.

म्हणून ‘उघडलं की नाही’ हे हो-नाही मोजमाप मला अपुरं वाटतं. पाच अंश हा आकडा हो-नाहीत मावत नाही. तुमच्या विषयात अशी हो-नाही मोजमापं कुठे आहेत ते शोधा. बियाणं उगवलं की नाही, विद्यार्थी पास की नापास, नमुना ‘आढळला’ की ‘आढळला नाही’. तिथे बऱ्याचदा अडलेली राशी सतत बदलणारी असते आणि आपण सोयीसाठी तिचे दोन तुकडे केलेले असतात.

होबीच्या कुलपाबद्दल आता सरळ मत देते. कल्पना सुंदर आहे. वरचा आणि खालचा असे दोन ओतीव अॅल्युमिनियमचे भाग, त्यांच्यात एक कॅम, आणि टिलरच्या, म्हणजे सुकाणूच्या दांड्याच्या, आत स्प्रिंगने दाबलेला खुंटा. दांडा उचलला की पातं वर, दांडा दाबला की पातं खाली आणि खुंटा कॅममध्ये अडकतो. वेगळी दोरी नाही, वेगळी मूठ नाही; ज्या दांड्याने दिशा द्यायची त्यानेच कुलूप लावायचं. लाटांत उभं राहून एका हाताने करता येण्यासारखं. आणि स्क्रू फिरवून स्प्रिंगचा दाब कमी-जास्त करता येतो, म्हणजे उंबरठा बदलता येतो, हे सगळ्यात मोठं. रचना करणाऱ्यांना प्रश्न नीट कळला होता याचा हा पुरावा.

कमतरता अशी की हा उंबरठा वाचता येत नाही. स्क्रूचा अर्धा फेरा म्हणजे किती न्यूटन-मीटर, हे फेऱ्यावरून कळायला मार्ग नाही. आणि तो स्थिरही नाही. उघडण्याचं आघूर्ण नुसत्या स्प्रिंगवर ठरत नाही, खुंटा आणि कॅम यांच्यातल्या घर्षणावरही ठरतं. घर्षण म्हणजे ओलं की कोरडं, मीठ साचलं का, वाळूचा कण अडकला का, कॅमची कड झिजली का. त्यात खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना टेकलेले, म्हणजे गंज ठरलेलाच, आणि तो अॅल्युमिनियमला धरतो. बोल्टचं भोक हळूहळू लांबट होतं. ते झालं की पाच अंशांचा खेळ कुठून आला ते विचारायला नको. कपाटाच्या दाराला बॉल कॅच असतो ना, नवीन असताना टक्कन लागतो आणि वर्षभरात एक तर दार आपोआप उघडतं किंवा दोन्ही हातांनी ओढावं लागतं, तसंच हे.

दोरीवाले याला हसतात. पात्याच्या पुढच्या कडेला दोरी, ती ओढून क्लीटमध्ये अडकवली की झालं. स्वस्त, दुरुस्तीला सोपं. मला दोरी आवडते, पण तिचा एक हिशोब तिचे समर्थक करत नाहीत. दोरी बोल्टपासून ५ सेंटिमीटरवर बांधली असेल तर ४६ न्यूटन-मीटरसाठी तिच्यावर ताण येतो ९२० न्यूटन. ठीक आहे, चांगली दोरी तो सोसेल. पण एक मीटर दोरी फक्त एक सेंटिमीटर ताणली गेली, तर पातं मागे जाईल ५ ला १, म्हणजे ०.२ रेडियन. साडेअकरा अंश! म्हणजे दोरी तुटत नाही, क्लीट सुटत नाही, आणि कुलूप म्हणून ती साफ नापास. उपाय आहे: दोरी आखूड घ्या, कमी ताणणारी घ्या, आणि बांधायची जागा बोल्टपासून लांब न्या. भुजा ५ ची १० सेंटिमीटर केली तर ताण निम्मा होतो, त्यामुळे ताणली जाणारी लांबीही निम्मी, आणि तीच लांबी दुप्पट भुजेवर अर्ध्याच कोनात मोजली जाते. झुकाव चौथ्या हिश्श्यावर. वर्गाचा नियम असा आडवाटेने येतो तेव्हा फार गंमत वाटते. आता ठरावीक ताणाला आपोआप सुटणारी क्लीटही मिळतात. ती लावली तर दोरीची व्यवस्था मला कॅमपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण झीज, ताण, सैलपणा सगळं डोळ्यांना दिसतं. कॅम दांड्याच्या पोटात लपलेला असतो.

तिसरा प्रकार बळीच्या खुंटीचा: मुद्दाम कमजोर ठेवलेली लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुंटी, आदळलं की तीच तुटते. प्रयोगशाळेत हिचा उंबरठा चांगला येईल. पण तुटल्यावर तुम्ही पाण्यात, नवी खुंटी खिशात, आणि एका सुकाणूशिवाय. कॅटामरानला दोन सुकाणू असतात म्हणून हे चालतं म्हणावं, तर नाव वाऱ्याने कलली की वाऱ्याकडची बाजू वर उचलली जाते आणि सगळा भार खालच्या बाजूच्या सुकाणूवर येतो. नेमकं तेच गेलं तर? मला हा प्रकार फारसा पटत नाही, पुढे जाते.

या सगळ्यांत जे कुणाकडेच नाही ते घाटावरच्या शेतात आहे. करूळ घाट चढून गगनबावड्याच्या पुढे कोल्हापूरकडे निघालात की ट्रॅक्टरमागे स्प्रिंगचा कल्टिवेटर दिसेल. फाळ दगडाला लागला की मागे झुकतो, दगड ओलांडला की स्प्रिंग त्याला पुन्हा जागेवर आणते. ड्रायव्हर मागे वळूनही बघत नाही. सुकाणूचं कुलूप मात्र एकदा उडालं की हाताने परत लावावं लागतं. मग सुकाणूलाही तसंच का करत नाहीत? कारण कल्टिवेटरची स्प्रिंग फाळाला नेहमीच थोडं झुकू देते. मातीत पाच अंशांनी काही बिघडत नाही. सुकाणूत बिघडतं, हे वर पाहिलंच. म्हणजे ‘खेळ नको’ आणि ‘आपोआप परत यावं’ या मागण्या एकत्र आल्या की साधी स्प्रिंग पुरत नाही. उंबरठ्यापर्यंत दगडासारखी ताठ, उंबरठ्यानंतर मऊ, आणि परत येताना पुन्हा ताठ होणारी रचना हवी. हा खरा प्रश्न आहे, आणि यावर एम.एस्सी.चा प्रोजेक्ट होऊ शकतो. ‘कोकण किनाऱ्यावर या विषयाचा अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य रिसर्च गॅप म्हणून लिहू नका. कोकणात पाण्याची घनता वेगळी नाही.

जुन्या पद्धतीत हे तिन्ही होतं, पण यंत्र म्हणून माणूस होता. छोटी होडी मागच्या वल्ह्याने वळवणारा हात पाण्याला विरोध करतो, खडक लागला की सोडतो, लगेच परत धरतो. पाणी आणि खडक यांतला फरकही त्याला कळतो, जो कॅमला कळत नाही. फक्त सेकंदाला ५ मीटर वेगाला तो हात टिकणार नाही.

माझ्या वरच्या हिशोबावरही टीका करा, जागा आहे. एक ठिकाण मीच दाखवते. मी ओढीचा गुणांक पातं सरळ धरून घेतला. वळवताना भार वाढेल असं कुणालाही वाटेल. पण पातं ८ अंश वळवलं की बाजूचं बल येतं, गुणांक ०.५ धरू, आणि ओढ वाढून ०.०८ होते. पात्याच्या रुंदीच्या दिशेने या दोघांचे घटक घ्या, कारण कुलपाला तेवढंच कळतं. ओढीचा घटक ०.०७९ मागे, आणि बाजूच्या बलाचा घटक ०.५ गुणिले साइन ८, म्हणजे ०.०७०, पुढे! उरलं ०.०१ च्या आसपास, म्हणजे सरळ असतानाच्या पाचवा हिस्सा. या हिशोबापुरतं तरी कुलपावर सर्वांत जास्त भार येतो तो सरळ धावताना, सुकाणू काहीच करत नसताना. मला हे कागदावर उतरेपर्यंत पटलं नव्हतं. लाटा, पात्याच्या मागे ओढली जाणारी हवा, आधीच झुकलेलं पातं हे सगळं धरलं तर काय होईल, ते करून बघण्यासारखं आहे.

आणि मोजायचं कसं? महागडं काही लागत नाही. मासळी तोलायचा हुकाचा काटा घ्या. नाव वाळूवर उलटी किंवा ठोकळ्यांवर ठेवून, पात्याच्या टोकाला दोरी बांधून, पात्याशी काटकोनात मागे ओढा आणि कुलूप सुटतं त्या क्षणाचा आकडा लिहा. टोक बोल्टपासून ०.९ मीटरवर असेल तर पाण्याचे ४६ न्यूटन-मीटर म्हणजे काट्यावर ५.२ किलो, ६६ म्हणजे ७.५ किलो. म्हणजे १० किलोला सुटणारं कुलूप बरं. पण एकदा ओढून १० आलं म्हणून थांबू नका. तीस वेळा ओढा. कोरडं असताना, भिजवून, मिठाच्या पाण्यात ठेवून वाळवल्यावर, चिमूटभर वाळू टाकून. दोन कुलपांची सरासरी १० च येईल. एकाचं प्रमाण विचलन अर्धा किलो निघेल, दुसऱ्याचं दोन किलो. दुसरं कुलूप साडेसातच्या खाली अधूनमधून सुटणारच, आणि त्याचा मालक म्हणणार की परवा तर घट्ट होतं.

सोबत कोनमापक लावायला विसरू नका. सुटण्याआधी, ५ किलो ताणावर, पातं किती अंश झुकलं आहे हा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा. आणि काटा हळू ओढता की झटक्याने, हे सगळ्या वाचनांत सारखं ठेवा. रात्रभर न हलवलेल्या कुलपाचं पहिलं वाचन बाकीच्यांपेक्षा वेगळं येण्याची शक्यता आहे, ते सरासरीत मिसळू नका, बाजूला ठेवा.